माझ्या समासातलं उत्तर

मी एक प्रश्नावली आहे. आठ पानांची, डाव्या कोपऱ्यात एका पिनेनं टाचलेली. माझ्या अंगावर एकतीस प्रश्न छापलेले आहेत आणि माथ्यावर निळ्या शाईनं माझा क्रमांक लिहिलाय, एकशे त्रेचाळीस. तुम्ही मला कुठं पाहिलं असतं, तर वळून पुन्हा पाहिलं नसतं. पण भंडारा जिल्ह्यातल्या हजारो बायांच्या जेवणाची वेळ ज्यांच्यामुळे बदलली त्यांत मी आहे, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

माझा जन्म नागपूरचा. सरकारनं भंडारा जिल्ह्यात एक योजना सुरू केली होती. गरोदर आणि बाळंतीण बायांनी रोज दुपारी साडेबाराला अंगणवाडीत यायचं आणि तिथं बसून गरम जेवायचं. भात, वरण, भाजी, आठवड्यातून दोनदा अंडं. योजना चांगली होती, पण दोन वर्षं झाली तरी बाया पुरेशा येत नव्हत्या. पावसाळ्यात तर शिजवलेलं तसंच उरायचं. ती चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवण्याआधी तिचं मूल्यमापन करून घ्यायचं ठरलं, आणि ते काम नागपूरच्या एका लहानशा संशोधन संस्थेकडे आलं.

संस्थेच्या प्रमुख रितामॅडम. त्यांनी सात-आठ दिवस खपून मला तयार केलं. एकेका शब्दावर त्यांची सहकाऱ्यांशी वादावादी व्हायची. शेवटी माझ्यासारख्या चारशे वीस जणी छापून निघाल्या आणि जिल्ह्यातल्या चोवीस गावांसाठी आमचे गठ्ठे बांधले गेले. मी नवी कोरी होते, सगळी उत्तरं आपल्या चौकटींत बसतील अशी माझी खात्री होती.

आमचा गठ्ठा शुभांगीच्या वाट्याला आला. ती अड्याळची. समाजकार्याचं शिक्षण पूर्ण करून नुकतीच संस्थेत लागलेली. तिचं अक्षर बारीक आणि वळणदार होतं, आणि तिला एक सवय होती. समोरचा माणूस बोलायचा थांबला तरी ती लगेच पुढचा प्रश्न विचारायची नाही. थोडी थांबायची. बाकीच्या मुली दिवसाला दहा-बारा प्रश्नावल्या भरायच्या, हिच्या सहाच व्हायच्या. यावरून तिला बोलणीही खावी लागायची.

ऑगस्टचा महिना होता. बपेऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात, तलावाच्या पाळीला लागून असलेल्या मासेमार वस्तीत, शुभांगी संध्याकाळी सहाच्या सुमाराला एका घराच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, जाऊन बसली. तेव्हा पहिल्यांदा मी पिशवीतून बाहेर आले.

घर सुखराम आणि मंदाबाईचं. त्यांचा मुलगा मुन्ना अंगणात फाटकं जाळं शिवत बसला होता. त्याची बायको खुशबू सातव्या महिन्याची गरोदर होती. ती नुकतीच रोवणीहून, म्हणजे धानाची रोपं लावण्याच्या कामावरून, परतली होती. दिवसभर चिखलपाण्यात उभं राहून तिचे तळवे पांढरेफटक पडले होते.

शुभांगीनं नियमाप्रमाणे आधी सांगितलं, "तुमचं नाव, गावाचं नाव आम्ही कोनालेच सांगत नाही."

मंदाबाईनं लगेच विचारलं, "मंग लिहिता कायले?"

"पहिल्या पानावर लिहिते, काकू. ते पान फाडून वेगळं कुलुपात ठेवतात. बाकी पानांवर नुसता नंबर ऱ्हायते."

मंदाबाईला ते पटलं. तो शब्द शुभांगीनं दिला होता आणि कागद मी होते, म्हणून तो मलाही लागू होता. तुम्हाला सांगतेय ती माणसांची नावंही मी बदललेली आहेत.

एकवीस प्रश्न सुरळीत झाले. वय, शिक्षण, घरात माणसं किती, अंगणवाडी किती दूर. मग आला बाविसावा. 'आपण अंगणवाडीत जेवणास नियमित का येत नाही?' त्याखाली पाच चौकटी होत्या. जेवण आवडत नाही. घरच्यांची परवानगी नाही. अंगणवाडी दूर आहे. गरज वाटत नाही. आणि पाचवी, इतर, तिच्यापुढे दोन बोटांएवढी रेघ.

शुभांगीनं पर्याय वाचून दाखवले. दुसरा पर्याय ऐकताच मंदाबाई उसळली.

"मी रोकतो म्हनते का तुमचा कागद? मी सासू हाव, जेलर नाई!"

मुन्ना जाळ्यावर वाकून हसू लागला. खुशबूही हसली, पण मग गप्प झाली. शुभांगी थांबली. मीही तिच्या मांडीवर वाट पाहत होते.

"आवडते वं ताई," खुशबू म्हणाली. "कोनी रोकत बी नाई. पन बारा वाजता मी कुठं असते, ते इचार ना. सकाळी आठ वाजता टोळीसंगं निंगते. दोन कोस दूर धानाची बांधी. बारा वाजता मी बांधीत, थाळी अंगनवाडीत. तिथून येऊ कशी? आली त मंग अर्धा दिवस गेला, उद्या टोळीत कोनी घेत नाई."

"मग दुपारी काय खातेस?"

"सकाळचा भात. पान्यात भिजवून नेते."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आणखी एक गोष्ट सांगितली. "माह्या माहेरी असं नाई. अड्याळच्या बाजूनं हाय माहेर. तिथली सेविका रोवणीच्या दिवसांत सकाळी सातालेच जेवू घालते. माही वयनी रोज जाते. सगळ्या जातेत. मी इथं म्हटलं, त म्हने तसा नियम नाई."

शुभांगीनं माझ्याकडे पाहिलं. दोन बोटांची रेघ, आणि उत्तर एवढं मोठं. तिनं मला आडवं केलं आणि समासात खालपासून वरपर्यंत, बारीक अक्षरात, खुशबूचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. शेवटी जागा संपली तेव्हा 'तसा नियम नाही' हे शब्द माझ्या पिनेखाली दाबून बसवले. मला आधी वाईट वाटलं होतं, माझा स्वच्छ समास गेला म्हणून. तेव्हा मी अडाणी होते.

महिनाभरानं आम्ही सगळ्या जणी नागपूरच्या ऑफिसात एका टेबलावर थप्पीनं लागलो. आमची उत्तरं आकड्यांत बदलून संगणकात भरायचं काम योगेंद्रकडे होतं. तो हुशार, कामसू आणि नेहमी घाईत. पहिली चौकट असेल तर एक, दुसरी असेल तर दोन. 'इतर' असेल तर नव्याण्णव. माझं बाविसावं उत्तर आलं तेव्हा त्यानं समासाकडे न बघता नव्याण्णव दाबलं आणि मला पालथं घातलं. खुशबू, तिच्या भिजवलेल्या भातासकट, दोन अंकांत गेली.

पहिला मसुदा तयार झाला. त्यात लिहिलं होतं, 'लाभार्थी महिलांमध्ये योजनेबाबत उदासीनता दिसते.'

शुभांगीनं तो वाचला आणि ती सरळ रितामॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "मॅडम, उदासीन कोण आहे? मी त्यांच्या छपरीत बसून आले. त्यांना जेवायचं आहे."

"आकडे तसं सांगत नाहीत," योगेंद्र मागून म्हणाला. "न येणाऱ्या बायांपैकी निम्म्याहून जास्त 'इतर' आहेत. म्हणजे ठोस कारणच नाही."

"कारण आहे. तुम्ही वाचलं नाही."

नवी मुलगी, आणि असं बोलली. रितामॅडमनी चष्मा काढला आणि हात पुढे केला. "दाखव कुठं आहे."

शुभांगीनं थप्पीतून मला काढलं. रितामॅडमनी मला आडवं धरलं आणि सगळं वाचलं. पिनेखालचे शब्द वाचायला त्यांना कागद वाकवावा लागला. मग त्या म्हणाल्या, "योगेंद्र, 'इतर'वाल्या सगळ्या काढ. एकूण एक. आपण वाचून काढू."

तीन दिवस त्यांनी आम्हाला वाचलं. एकशे एकाहत्तर जणी होतो आम्ही. कुणाच्या रेघेवर नुसतं 'कामावर' लिहिलेलं, कुणाच्या 'वेळ जमत नाही', कुणाच्या 'बांधीत असते'. बहुतेक सगळ्यांचं म्हणणं एकच, फक्त तुटक. माझ्यात ते पूर्ण वाक्यांत होतं. योगेंद्रनं नव्याण्णव खोडून नवा आकडा तयार केला, त्याचं नाव ठेवलं 'वेळ'. त्यानं स्वतःहून शुभांगीला चहा आणून दिला, हेही मी पाहिलं.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नव्हती. चोवीस गावांतलं एक गाव योगेंद्रनं आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये सगळीकडे हजेरी कोसळलेली, आणि त्या एका गावात जवळजवळ शंभर टक्के. "बनावट रजिस्टर," असा शेरा मारून त्यानं ते यादीतून काढलं होतं. तिथल्या सेविकेवर खोट्या नोंदींचा ठपका ठेवणारं एक वाक्यही मसुद्यात होतं.

ते गाव अड्याळच्या बाजूचं होतं. खुशबूचं माहेर.

"मॅडम, मी जाऊन पाहते," शुभांगी म्हणाली. "न सांगता. सकाळी."

ती मला सोबत घेऊन गेली. समासातली वाक्यं तिला पाठ होती, तरी घेऊन गेली. सात वाजता आम्ही त्या अंगणवाडीच्या दाराशी पोहोचलो. पिशवीच्या तोंडातून मला दिसलं, सोळा बाया भिंतीला पाठ टेकून ओळीनं बसल्या होत्या. पुढ्यात वाफाळता भात होता. रोवणी संपली तरी तण काढायची कामं चालू होती; एकीच्या साडीचा काठ आत्ताच खोचलेला, कामावर निघायच्या तयारीचा. वाढत होत्या सत्यभामाबाई. पन्नाशीच्या, उंच, कपाळावर मोठं कुंकू. शुभांगीला पाहताच त्यांच्या हातातली पळी थांबली.

बाया जेवून गेल्यावर त्या शुभांगीसमोर बसल्या. रजिस्टर त्यांनी मांडीखाली सरकवलं होतं.

"ताई, हे लिहू नका जी. नोकरी जाईल मायी."

"कधीपासून करून राहिल्या तुम्ही असं?"

"दोन रोवण्या झाल्या. पहिल्या वर्सी सोळा थाळ्या शिजवल्या अन् तीन बाया आल्या. उरलेला भात पाहून मले रडू आलं. मंग मी पाच वाजता चूल पेटवाले लागली. साडेबाराचाच टाइम लिहा लागते, म्हून साडेबारा लिहितो. खोटं तेवढंच हाय. बाकी त्या कागदावरचा एक एक घास खरा हाय."

शुभांगीनं वही मिटली आणि म्हणाली, "तुमचं नाव कुठंच जाणार नाही. हा शब्द माझा." त्या दिवशी तिनं सत्यभामाबाईंच्या हातचा भात खाल्ला आणि बसमध्ये अड्याळपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. एकदा तिनं पिशवीवर हात ठेवला. एवढा मोठा पुरावा हाती आला होता, आणि तो ज्या बाईमुळे मिळाला तिचं नाव घेता येणार नव्हतं.

भंडाऱ्यातल्या बैठकीला मी रितामॅडमच्या फाइलीत सगळ्यात वर होते. लांब टेबल, दहा-बारा अधिकारी. योजना बंद करण्याची टिपणी आधीच टाइप होऊन मोठ्या साहेबांसमोर पडली होती, फक्त सही बाकी होती. मला ती स्पष्ट दिसत होती. तोही कागद, मीही कागद. त्याच्यावर शिक्के होते. माझ्यावर खुशबूचं बोलणं होतं.

रितामॅडमनी सगळं मांडलं. आधी आकडे, मग एकशे एकाहत्तर उत्तरं, मग त्या एका गावाची हजेरी. शेवटी त्यांनी माझा समास वाचून दाखवला. "बारा वाजता मी बांधीत, थाळी अंगणवाडीत." टेबलाच्या टोकाला बसलेल्या एक बाई अधिकारी मान हलवू लागल्या. त्यांचं माहेर धानपट्ट्यातलं असावं.

साहेब मात्र म्हणाले, "ते गाव कोणतं?"

"ते सांगता येणार नाही."

"मॅडम, सरकारी योजना आहे. तिथं नियम मोडला गेलाय. आम्हाला माहीत असायला हवं."

"सर, माहिती देणाऱ्यांना आम्ही शब्द दिलाय. तो मोडला तर पुढच्या वेळी कुणी खरं बोलणार नाही, आणि मग तुम्हाला फक्त रजिस्टरं मिळतील."

"नाव नसेल तर ही ऐकीव गोष्ट झाली."

माझी पिन गार पडली असेल तर तेव्हा. रितामॅडम क्षणभर थांबल्या. शुभांगीची सवय त्यांना लागली होती बहुतेक. मग म्हणाल्या, "तर मग ऐकू नका. करून बघा. पुढच्या रोवणीत ऐंशी अंगणवाड्या घ्या. चाळीस ठिकाणी जेवण सकाळी द्या, चाळीस ठिकाणी आहे तसंच. कोणती कुठल्या यादीत जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवू, म्हणजे कुणी चांगली गावं निवडून घेतली असं व्हायला नको. मग मोजू. सकाळी जेवण देऊनही बाया आल्या नाहीत, तर योजना बंद करा. मी स्वतः तसं लिहून देईन."

साहेबांनी पेन हातात घेतलं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. मला जवळ ओढून त्यांनी तो समास स्वतः वाचला. "एक रोवणी," ते म्हणाले. "एकच."

चिठ्ठ्या त्यांनी स्वतः काढल्या, स्टीलच्या डब्यातून.

पुढच्या वर्षी जुलै आला तेव्हा मी ऑफिसच्या कपाटात होते. पण कपाटाच्या फटीतून ऐकू सगळं यायचं. शुभांगी आणि तिच्या मैत्रिणी आठवड्यातून दोनदा, न सांगता, वेगवेगळ्या अंगणवाड्यांत जाऊन माणसं मोजायच्या. रजिस्टर बघायच्या नाहीत, बाया मोजायच्या. योगेंद्र आकडे भरायचा आणि कुणालाच काही सांगायचा नाही. म्हणायचा, "अर्धवट आकडे बघितले की मन झुकतं."

सप्टेंबरच्या शेवटी त्यानं निकाल काढला. साडेबाराच्या चाळीस ठिकाणी दहातल्या तीन बाया आल्या होत्या. सकाळच्या चाळीस ठिकाणी दहातल्या आठ. शुभांगीनं टेबलावर हात आपटला. योगेंद्र मात्र म्हणाला, "थांब. सकाळच्यांतली सहा गावं उलटी गेली आहेत."

ती सहा गावं मासेमार वस्त्यांची होती. तिथल्या बाया खुशबूसारख्या रोवणीला जात नाहीत, सकाळी मासोळी घेऊन बाजारात जातात. तुमसरचा बाजार म्हणजे पहाटेच निघणं आलं. त्यांना सकाळचं जेवण जमत नव्हतं, दुपारी दोनचं जमलं असतं. रितामॅडमनी तेही लपवलं नाही. अहवालात ठळक लिहिलं, 'एकच वेळ सगळ्यांना चालत नाही.' मला त्या वाक्याचा फार अभिमान आहे. आपल्या बाजूचा निकाल लागलेला असताना उरलेली सहा गावं लिहून ठेवायला मोठं मन लागतं.

दिवाळीनंतर परिपत्रक निघालं. योजना बंद होणार नव्हती. जेवणाची वेळ गावातल्या बायांनी, हंगामाप्रमाणे, बैठक घेऊन ठरवायची होती. बांधी फार दूर असेल तर डबा बरोबर न्यायची मुभा होती. खाली सही त्याच साहेबांची. शुभांगीनं ते मोठ्यानं वाचलं. ती दोनदा थांबली, पाणी प्यायली, पुन्हा वाचू लागली.

सेविकांच्या प्रशिक्षणाला भंडाऱ्यात दोनशे बाया जमल्या होत्या. शुभांगी तिथून आल्यावर सांगत होती. ती नवीन नियम समजावत असताना मागच्या रांगेतून एक उंच बाई उभी राहिली.

"तुमच्या अहवालात एका गावाचं नाव नाई दिलं ना जी, ते गाव आमचं होय. आता लिहा. सत्यभामाबाई म्हना. पाच वाजता चूल कशी पेटवाची, ते मी सांगतो या सगळ्याईले."

आणि त्यांनी तासभर सांगितलं. त्या तासात कुणी उठलं नाही. पुढे जिल्ह्यात जिथं जिथं सेविकांना शिकवायचं असेल तिथं त्यांना बोलावणं जाऊ लागलं.

खुशबूला मुलगी झाली, हे मला शुभांगीकडूनच कळलं. ती त्या वस्तीत पुन्हा गेली होती, नव्या प्रश्नावल्या घेऊन. नवीन प्रश्नावली छापण्याआधी आता ती गावात बसून बायांनाच विचारते, काय विचारायला हवं म्हणून. मंदाबाईनं तिला दोन प्रश्न सुचवले आणि एक रद्द करायला लावला. त्या नव्या पोरी माझ्याच कपाटात, वरच्या कप्प्यात आहेत. त्यांना प्रत्येक प्रश्नाखाली चार चार रेघा आहेत. मला हेवा वाटत नाही. खरं तर थोडा वाटतो.

आता मी टेबलावर आहे, पिन काढलेली. संस्थेचा नियम आहे, तीन वर्षांनी भरलेल्या प्रश्नावल्या यंत्रातून बारीक कापून नष्ट करायच्या, म्हणजे कुणाचं बोलणं कुणाच्या हाती लागायला नको. पहिलं पान आधी गेलं. शुभांगी समोर उभी आहे. ती आता इथली मुख्य सर्वेक्षक आहे, तिच्या हाताखाली नऊ मुली आहेत. एक मुलगी विचारतेय, "ताई, ही तरी ठेवू या ना? फोटो काढून फ्रेम करू."

"नाही," शुभांगी म्हणतेय. "जिचं बोलणं आहे, तिला शब्द दिलाय." आणि रजिस्टरमध्ये माझ्या क्रमांकापुढे सही करतेय, त्याच बारीक वळणदार अक्षरात.

मला भीती वाटत नाही. कागदाच्या जन्माला येऊन माणसाचं बोलणं पोचवता आलं, आणखी काय हवं? फक्त जाता जाता एक मागणं आहे. कधी तुमच्या दारात एखादी पोर कागदांची थप्पी घेऊन आली, तर तिला बसायला द्या आणि जे आहे ते खरं सांगा. आणि विचारणारे तुम्हीच असाल, तर समोरचीचं बोलणं संपेपर्यंत थांबा. रेघ पुरली नाही तर कागद आडवा करा.